एसी आधी पाणी काढतो, मग गारवा देतो

जुलै उजाडला की मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे एकाच तक्रारीचे असतात. "एसी चालू आहे हो, खोली गारही झालीय, पण अंग चिकचिकतंय. गॅस संपला असणार. येऊन भरून जा." मी रत्नागिरीत एसी दुरुस्तीचं काम करतो. मांडवी, मिऱ्या, भाट्ये इथली समुद्राला तोंड करून असलेली घरं हीच माझी जास्त गिऱ्हाइकं. बहुतेक वेळा गॅस जागच्या जागी असतो. बिघडलेला असतो तो आपला समज. एसी म्हणजे गार हवा फेकणारी पेटी, असं आपण धरून चालतो. किनाऱ्यावर मात्र ती आधी हवेतलं पाणी पिळणारी पेटी आहे. एवढं एक डोक्यात बसलं, की कोणता एसी घ्यावा, कुठे लावावा, मेकॅनिक खरं बोलतोय की थापा मारतोय, हे सगळं आपोआप कळायला लागतं.

गंमत म्हणजे आधुनिक एसीचा जन्मही गारव्यासाठी झालेला नाही. 1902 साली न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात उन्हाळ्यातल्या दमटपणाने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतली ओल आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली, ती त्या कागदासाठी. माणसांना गार वाटायला लागलं ते नंतर.

आता नागपूर आणि रत्नागिरी शेजारी ठेवून बघू. मे महिन्यात नागपुरात पारा 45 वर आणि आर्द्रता 15 टक्के. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये पाणी असतं जेमतेम 10 ग्रॅम. त्याच दुपारी रत्नागिरीत तापमान 32, पण आर्द्रता 75 टक्के. इथल्या घनमीटरभर हवेत पाणी असतं 25 ग्रॅम. म्हणजे 13 अंशांनी थंड असूनही आपली हवा अडीचपट ओली. म्हणून नागपुरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर स्वर्ग वाटतो आणि आपल्याकडे तोच कूलर लावला तर खोलीची न्हाणी होते. घाम वाळला तर अंग गार होणार. इथे तो वाळतच नाही, नुसता ओघळतो.

हे पाणी एसी काढतो कसं? फ्रिजमधून गार पाण्याचा तांब्या काढून ओट्यावर ठेवा. दोन मिनिटांत त्याला बाहेरून घाम फुटतो. हवा गार पृष्ठभागाला टेकली की तिच्यातली वाफ तिथे थेंब होऊन बसते. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात आपल्याकडे हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली, तर दवबिंदू येतो सुमारे 26 अंशांवर. एसीच्या आतली कॉइल, म्हणजे गार गॅस फिरणाऱ्या नळ्यांची जाळी, त्याहून कितीतरी गार, साधारण 10 ते 12 अंशांच्या आसपास. पंखा खोलीतली हवा या कॉइलवरून फिरवतो, पाणी कॉइलवर जमतं, खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि ड्रेनच्या नळीने बाहेर पडतं. तांब्याचा घाम, फक्त अखंड.

याची किंमत मात्र मोजावी लागते. पातेल्यातलं एक लिटर पाणी उकळायला लागल्यापासून पार आटेपर्यंत गॅसची जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढीच किंबहुना थोडी जास्त उष्णता ते लिटरभर पाणी हवेतून परत काढताना एसीला ओढून घ्यावी लागते. मांडवीच्या एका काकूंच्या बेडरूमला ड्रेनखाली मी बादली ठेवायला सांगितली होती. सकाळी मोजलं तर पाच लिटर भरलं. तेवढं पाणी काढायलाच बऱ्यापैकी चांगल्या एसीला साधारण एक युनिट वीज लागते. हवा गार करायचा खर्च निराळा.

म्हणूनच आउटलेटला थर्मामीटर धरून "फरक कमी येतोय, गॅस टाकावा लागेल" म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कोरड्या हवेत आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 14-15 अंशांचा फरक दाखवणारं यंत्र पावसाळी दमट खोलीत 9-10 वर आलं, तरी ते ठणठणीत असू शकतं. त्याचं बळ पाणी काढण्यात जातंय. त्यापेक्षा एक साधी खूण सांगतो. एसी अर्धा तास चालू द्या, पुढचं झाकण उचला, फिल्टर काढा आणि टॉर्च मारून कॉइल बघा. पावसाळ्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी ओली दिसली पाहिजे. एक कोपरा ओला किंवा बर्फ धरलेला आणि बाकीची कोरडी ठणठणीत असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

खोली गार, पण ओली

मग खोली गार होऊनही चिकचिक का राहते? याला एसीपेक्षा विकत घेणाऱ्याची हौस जास्त कारणीभूत. 'मोठा घेतला की लवकर गार होईल' म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत दोन टनी यंत्र बसवलेलं मी कितीदा पाहिलंय. टन हे मापच मुळात बर्फाचं आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी ताकद म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. दोन टनाचं यंत्र एवढ्याशा खोलीची हवा दहा मिनिटांत 24 वर आणतं आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद करून बसतं. पण पाणी काढायला वेळ लागतो. कॉइल आधी गार व्हावी, ओली व्हावी, थेंब जड होऊन खाली उतरावेत, तेव्हा कुठे पाणी घराबाहेर पडतं. यंत्र त्याआधीच बंद झालं आणि पंखा चालूच राहिला, तर कॉइलवर जमलेलं पाणी तोच पंखा वाळवून खोलीत परत सोडतो. म्हणजे आपण पैसे देऊन पाणी काढतो आणि पैसे देऊन परत आणतो.

इन्व्हर्टर एसीत हा बंद-चालूचा खेळ कमी असतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू किंवा जोरात चालतो. म्हणून सलग वापर असेल तर किनाऱ्यावर मी इन्व्हर्टरच सुचवतो. पण दुकानात न सांगितली जाणारी त्याची एक खोड आहे. पावसाच्या झडीत बाहेर तापमान असतं 26-27. खोली 24 वर यायला त्याला फार कष्ट नसतात, म्हणून तो अगदी मंद चालतो. मंद चालला की कॉइल पुरेशी गार होत नाही, 16-17 अंशांवर रेंगाळते, आणि पाणी थोडंच निघतं. आकडा 24 दाखवतो, बिल कमी येतं, अंथरूण मात्र दमट.

यावर उपाय रिमोटवरच आहे. थेंबाचं चित्र असलेला 'ड्राय' मोड. यात पंखा अगदी हळू फिरतो, हवा कॉइलजवळ जास्त वेळ रेंगाळते आणि गारव्यामागे न लागता यंत्र पाणी काढत राहतं. पावसाळी रात्रीला तो उत्तम. मे महिन्याच्या दुपारी मात्र त्याचा उपयोग नाही, तेव्हा उष्णताच खूप असते. साध्या 'कूल' मोडमध्येही पंख्याचा वेग एक पायरी कमी केला, तर त्याच यंत्राकडून जास्त पाणी निघतं. लोक करतात नेमकं उलटं. चिकचिक वाटली की तापमान 18 वर आणि पंखा फुल्ल. त्याने भिंती गार पडतात, आणि गार भिंतीला दाराच्या फटीतून आलेली ओली हवा भिडली की कपाटामागे बुरशी धरते. चामड्याचा पट्टा, पासपोर्ट, लग्नातला शालू, सगळ्यावर हिरवट लव.

माझं ऐकाल तर पहिली सुधारणा करायची ती एसीत नाही. काही शे रुपयांचा हायग्रोमीटर घ्या आणि उशाशी ठेवा. तापमानाखाली आर्द्रतेचा आकडा दिसतो. तो 50 ते 60 च्या मध्ये असेल तर 26 वर एसी आणि मंद पंखा एवढ्यावर झोप लागते. 70 च्या वर असेल तर 22 लाही लागणार नाही. सरकारने 1 जानेवारी 2020 पासून स्टार असलेले एसी सुरू होताना 24 वर लागावेत असा नियम केला, तो ठीकच आहे. पण आपल्या मुलखात रिमोटवरच्या आकड्यापेक्षा हा दुसरा आकडा जास्त बोलतो.

आणि कृपा करून एसीच्या खोलीत धुणं वाळत घालू नका. पावसाळ्यात दुसरी जागा नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण पिळलेल्या एका मशीनभर कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असतं, आणि ते सगळं एसीच्या खांद्यावर जातं. दाराखालच्या फटीचंही तेच. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे 34 घनमीटर हवा. ती एकदा पुरती बदलली की बाहेरचं सुमारे 400 ग्रॅम जादा पाणी आत येतं. फटीला लावायची रबराची पट्टी शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि दर रात्री लिटर-दीड लिटर पाणी दाराबाहेर ठेवते.

कौलारू घरांचा प्रश्न याहून अवघड. वर मंगलोरी कौलं, खाली उघडं आढं आणि त्यात एसी म्हणजे भोकाच्या कळशीने पाणी भरणं. एका मास्तरांनी हौसेने माजघरात एसी लावून घेतला होता आणि मला विचारलं, "बंदच होत नाही, मशीन खराब आहे का?" मशीन बिचारं अख्ख्या वाडीची हवा कोरडी करायला निघालं होतं. खाली नीट सांधे भरलेलं सीलिंग केलं, खिडक्यांच्या झडपांना पट्ट्या मारल्या, मग ते शांत झालं. जांभ्याची भिंत आतून गिलावा केलेली नसेल तर तीही पाणी पिते आणि सोडते. पहिले तीन-चार दिवस एसी निव्वळ भिंत वाळवत असतो. धीर धरा.

मिठाच्या बरणीत काय होतं

आता बाहेरच्या युनिटकडे जाऊ. किनाऱ्यावर एसी मरतो तो तिथे.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे प्रत्येक घरात ठाऊक आहे, म्हणून तर आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतं. खाऱ्या वाऱ्याने आउटडोअरवर बसलेला मिठाचा थरही तेच करतो. फरक एवढाच की तिथे बरणी काचेची नसते, तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची असते. या पापुद्र्यांना फिन म्हणतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. या बॅटरीत झिजतं ते अॅल्युमिनियम. आधी फिनवर पांढरी भुकटी दिसते, मग बोट लावलं की बिस्किटासारखा चुरा पडतो. फिन नळीपासून सुटली की उष्णता बाहेर टाकायचा रस्ताच तुटतो. कॉम्प्रेसर धापा टाकतो, बिल चढतं, थंडावा उतरतो. गॅस मात्र पूर्ण असतो.

लोकांना पटत नाही अशी एक गोष्ट सांगतो. पावसापासून वाचवायचं म्हणून आउटडोअरवर पत्र्याची झडप ठोकलेली युनिट्स उघड्यावरच्या युनिटपेक्षा लवकर सडलेली मी पाहिली आहेत. खारा वारा झडपेखालीही पोचतो, पण मीठ धुवून नेणारा पाऊस पोचत नाही. आउटडोअर पावसात भिजण्यासाठीच बनवलेलं असतं. त्याला वाचवायचंय ते समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यापासून. म्हणून नवीन बसवताना पश्चिमेची भिंत टाळा, घराच्या आडोशाला पूर्वेला किंवा आतल्या चौकात लावा. कॉपरची नळी दोन-चार मीटर लांबली तरी चालेल. फक्त कोंडू नका. आपण फेकलेली गरम हवा तेच युनिट परत ओढायला लागलं, तर मिठाची गरजच नाही.

पाऊस नसतो तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर ते मे, दर पंधरा दिवसांनी एसीचा मेन स्विच बंद करून आउटडोअरच्या कॉइलवर साध्या गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा. झाडांना घालतो तसा. बोअरचं पाणी खारट असेल तर नको, ते मिठावर मीठ. प्रेशरचा पंप लावून फिन आडव्या करू नका. आणि 'केमिकल वॉश'च्या नावाखाली आम्ल किंवा तीव्र अल्कली मारणाऱ्याला हात जोडून परत पाठवा. अॅल्युमिनियम त्या दिवशी चकचकीत दिसतं, कारण त्याचा वरचा थर उडालेला असतो.

'आमच्यात शंभर टक्के कॉपर आहे' हे दुकानदाराचं आवडतं वाक्य. कॉपर चांगलंच, कारण त्याला भोक पडलं तर ब्रेझिंग करून, म्हणजे वर दुसरा धातू वितळवून, बुजवता येतं. अॅल्युमिनियमच्या कॉइलला ते फार कठीण. पण खाऱ्या हवेत आधी जाते ती फिन, आणि 'शंभर टक्के कॉपर'वाल्याची फिनही अॅल्युमिनियमचीच असते. म्हणून विचारायचं ते तिच्यावरच्या थराबद्दल. पितळेच्या भांड्याला कल्हई असते, तसं फिनवर निळं किंवा सोनेरी कोटिंग असतं. ते आत आणि बाहेर दोन्हीकडे आहे का, वॉरंटीतून समुद्राजवळचा गंज वगळलाय का, हे कागदावर वाचून घ्या.

आतली कॉइल मात्र कॉपर असूनही गळते, आणि त्याचं कारण ऐकून लोक चकित होतात. नवीन प्लायवूडचा गोंद, ताजा रंग, साफसफाईची रसायनं यांतून सूक्ष्म प्रमाणात सेंद्रिय आम्लं हवेत उडतात. ओल्या कॉइलवर ती विरघळतात आणि तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी बारीक, वाकडी भोकं पाडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, गॅसला सापडतात. खाडी किंवा गटाराजवळ सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड, तोही तांबं काळं करून खातो. म्हणून घराचं फर्निचर चालू असताना नवा एसी सुरू करू नका. आठवडाभर खिडक्या उघड्या टाका, मग लावा.

गॅस 'संपत' नाही

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, पंधरा वर्षंसुद्धा. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, दुसरं कारण नाही. तरी 'दर दोन वर्षांनी गॅस भरायचा' हा रिवाज रूढ झालाय, कारण तो दोघांच्याही सोयीचा आहे. मेकॅनिकचं काम अर्ध्या तासात उरकतं आणि गिऱ्हाइकाला आजच्या आज गारवा मिळतो.

मिऱ्यावरच्या एका घरात तीन वर्षांत तीनदा गॅस भरला होता. मी गेलो तेव्हा आउटडोअरच्या नळीच्या जोडावर, फ्लेअर नट म्हणतात त्यावर, तेलाचा काळपट डाग होता आणि त्याला धूळ चिकटलेली. गॅसबरोबर थोडं तेलही झिरपतं, म्हणून असा डाग दिसला की निम्मं निदान तिथेच होतं. नायट्रोजन भरला, साबणाचा फेस लावला आणि थांबलो. एक मिनिट काही नाही. मग नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, परत आला. इतकंच. तीन वेळच्या गॅसचे पैसे त्या मोहरीतून गेले होते. नळीचं तोंड नव्याने फाकवून, ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना लावून नट आवळला. गेली चार वर्षं तिथून फोन नाही.

गॅसचं काम नीट झालं का, हे घरातल्या माणसालाही कळू शकतं. गळती शोधली का आणि ती नायट्रोजननेच तपासली का, हे विचारा. ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी काढला तर त्याला तिथेच थांबवा. आतल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला तर स्फोट होतो. मग नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप अर्धा तास तरी चालला पाहिजे. हल्लीच्या एसीतलं तेल ओल पटकन शोषतं. आत दमट हवा राहिली तर त्या तेलातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटरच्या तारांच्या गुंडाळीला, वायंडिंगला, खातं. नट सैल करून थोडा गॅस फुस्स सोडून 'हवा काढली' म्हणणं कुठेच बरोबर नाही. रत्नागिरीच्या जुलैत तर तो गुन्हाच. शेवटी, गॅस वजनकाट्यावर भरतात. किती ग्रॅम, ते युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. नुसता दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघून भरणाऱ्याने अंदाज केलेला असतो.

कोणता गॅस, हेही पाटीवर असतं. जुन्या एसीत आर-22 असायचा. तो ओझोनला मारक म्हणून जगभर मागे घेतला जातोय. नंतर आर-410ए आला, आणि आता बहुतेक घरांत आर-32. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-410ए वातावरण 2088 पट तापवतो, तर आर-32 675 पट. म्हणून तो बरा, पण तो सौम्य ज्वालाग्राही आहे आणि त्याचा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त. जुन्या आर-22 च्या यंत्रात 'साहेब, हा नवा गॅस स्वस्तात टाकून देतो' असं कोणी म्हणालं तर टाकू देऊ नका. त्या नळ्या आणि तो कॉम्प्रेसर त्या दाबासाठी बनलेलेच नाहीत. उलट, नवा एसी घेताना भिंतीतली जुनी कॉपरची नळी तशीच वापरायचा मोहही टाळा. तिच्यात जुनं तेल चिकटलेलं असतं.

पाणी गळणं ही सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारी तक्रार. ट्रेमध्ये शेवाळ साचलेलं असतं किंवा ड्रेनच्या नळीला उतार नसतो. कधी नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडून हवा कोंडते. आमच्याकडे आणखी एक पाहुणी येते. कुंभारीण माशी. ती उघड्या नळीत मातीचं घर बांधते. मुंबईहून चाकरमानी गणपतीला येतात, आठ-दहा महिने बंद असलेलं घर उघडतात, एसी लावतात आणि तासाभरात भिंतीवरून पाण्याचा ओघळ. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधून जा, एवढंच. कधी गळणारं पाणी ट्रेचं नसतंच. तांब्याच्या नळीवरचं काळं रबरी आवरण फाटलेलं असतं आणि उघड्या गार नळीला घाम येत असतो. दवबिंदू 26 असताना तो येणारच. किनाऱ्यावर 9 मिलिमीटरऐवजी 13 किंवा 19 मिलिमीटर जाडीचं आवरण मागा आणि सांधे चिकटपट्टीने नव्हे, गोंदाने बंद करून घ्या.

कुबट वासाचं मूळ कॉइलमागच्या लांबट ब्लोअरवर असतं. त्याच्या पात्यांवर धूळ आणि ओल मिळून काळा चिखल बसतो. नुसता फिल्टर धुऊन तो जात नाही, ब्लोअर काढूनच धुवावा लागतो. सकाळी खोलीतून बाहेर पडताना एसी लगेच बंद न करता वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर ठेवला की कॉइल वाळते आणि वास उशिरा येतो. खोलीत बसलेले असताना मात्र हे करू नका, ते पाणी तुमच्याच अंगावर परत येतं.

पीसीबीबद्दल, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाबद्दल, थोडक्यात. आउटडोअरच्या डब्यात पाल शिरते आणि दोन टोकांना चिकटून स्वतःही जाते, बोर्डही नेते. डब्याची भोकं बारीक जाळीने बंद करून घ्या. वीज वरखाली होत असेल तर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' या स्टिकरवर विसंबू नका. आणि अर्थिंग तपासून घ्या. आमच्या जांभ्याच्या कातळात, विशेषतः उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंग नीट लागत नाही, आणि अर्थिंग नसेल तर ओल्या हाताला झिणझिण्या येतात.

बदलायचा की दुरुस्त करायचा? कॅपॅसिटर, सेन्सर, पंख्याची मोटर, एखादा जोड, ही कामं करून घ्या. आठ-दहा वर्षांच्या यंत्राची बाहेरची कॉइल भुसभुशीत झाली असेल तर तिच्यावर पैसे घालू नका. नवा घेताना पाच स्टार घ्या. वर्षाला किती युनिट लागतील तो लेबलवरचा आकडा 1600 तासांच्या वापरावर काढलेला असतो, म्हणजे 200 दिवस रोज आठ तास. किनाऱ्यावर बऱ्याच घरांत वापर त्याहून जास्त होतो, म्हणून जास्तीच्या स्टारचे पैसे आपल्याकडे लवकर वसूल होतात. स्टारची पट्टी मधूनमधून वर सरकते. जुलै 2022 मध्ये ती सरकली तेव्हा आदल्या दिवशीचे पाच स्टार दुसऱ्या दिवशी चार झाले. म्हणून लेबलवरचं वर्ष बघा, दुकानातला जुना माल नव्या भावात घेऊ नका.

त्या मांडवीच्या काकूंनी बादली अजून काढलेली नाही. पाणी त्या अनंताला आणि तुळशीला घालतात. वीज गेल्यावर दिवे चालवणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश उतरतो. मात्र रोज किती भरते ते लक्षात ठेवा, अचानक कमी झाली तर कळवा, असं सांगून ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला. बादलीत तळाला जेमतेम तांब्याभर पाणी, गॅस गेला का? मी विचारलं, मिठाच्या बरणीत काय दिसतंय. त्या आत जाऊन आल्या. मीठ मोकळं झालं होतं. मतलई वारे सुटले होते.